फोनमधलं लिंकिंग : गूगल विरुद्ध स्पर्धा आयोग, एक प्रकरण अभ्यास

जूनच्या पहिल्या आठवड्यात पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रासमोर थोडा वेळ उभे राहा, 'लिंकिंग' हा शब्द कानावर पडणारच. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी दराने २६६ रुपये ५० पैशांना मिळायला हवी. पण कपाशीला पहिला डोस द्यायची घाई असते, गोण्या मोजक्याच आलेल्या असतात आणि दुकानदार सांगतो, युरिया पाहिजे असेल तर सोबत ही झिंकची पिशवी घ्या. शेतकऱ्याला झिंक नको असतं. मागच्या वर्षीची पिशवी गोठ्यात तशीच पडलेली असते. तरीही तो घेतो, कारण युरियावाचून त्याचं भागत नाही.

मी जळगावला दिवाणी वकिली करतो. जमिनीचे दावे, वाटप, बांधाची भांडणं हे माझं रोजचं काम. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातली ज्युनिअर मंडळी एखादं मोठं निकालपत्र घेऊन बसतात. गूगल आणि बाजारातली स्पर्धा राखायचं काम असलेला भारतीय स्पर्धा आयोग यांच्यातलं अँड्रॉइड प्रकरण आम्ही असंच सलग पाच-सहा शनिवार वाचलं. एका शनिवारी आमचे एक पक्षकार, त्यांना सगळे नाना म्हणतात, आपल्या तारखेची चौकशी करायला आले होते आणि कोपऱ्यात बसून ऐकत होते. करारांची माहिती संपली तेव्हा ते म्हणाले, "वकीलसाहेब, हाई ते लिंकिंगच शे."

नानांनी बरोबर ओळखलं होतं. स्पर्धा कायदा, २००२ मधलं कलम ४ ज्या गोष्टींना वर्चस्वाचा गैरवापर म्हणतं, त्यात ही गोष्ट आहेच: एका मालाच्या करारासोबत, त्या मालाशी संबंध नसलेली दुसरी अट गळ्यात मारायची. पण तेवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. आम्हाला त्यात रस होता तो डावपेचांसाठी. जगातल्या बलाढ्य कंपन्यांपैकी एक, तिच्या बाजूने देशातले नामांकित वकील, समोर सरकारी नियामक. यात कुठला मुद्दा चालला, कुठला पडला आणि का? माझं मत आधीच सांगतो. कंपनीचे मोठ्या आवाजातले बहुतेक सगळे मुद्दे पडले. जिथे आयोगाच्या आदेशात सिद्ध झालेला गैरवापर आणि दिलेला निर्देश यांच्यातला दुवा कच्चा होता, तिथे मात्र ती जिंकली. आणि सगळ्या लढाईला कलाटणी मिळाली ती अंतरिम स्थगितीच्या टप्प्यावर.

फोनमध्ये काय बांधलेलं होतं

गोलाणी मार्केटमधल्या एका मोबाइलच्या दुकानात नानांसाठी नवा फोन घेतला, तेव्हा मी मुद्दाम खोका तिथेच उघडायला लावला. फोन सुरू झाला. पहिल्याच पडद्यावर गूगलच्या शोधाची पट्टी, खाली क्रोम, आणि 'गूगल' नावाच्या एका घडीत यूट्यूब, जीमेल, नकाशे असं सगळं ठेवलेलं. यूट्यूबच्या चिन्हावर बोट दाबून धरलं. काढून टाकण्याचा पर्यायच नव्हता, फक्त बंद करून ठेवण्याचा होता. नानांनी यातलं काही मागितलं नव्हतं. फोन बनवणाऱ्या कंपनीने तरी मागितलं होतं का, असा वादाचा प्रश्न होता.

अँड्रॉइड ही फोन चालवणारी प्रणाली मोफत आहे आणि तिचा मूळ सांगाडा कोणीही वापरू शकतो. पण प्ले स्टोअर त्या सांगाड्यात येत नाही. प्ले स्टोअर नसलेला फोन जळगावात काय, कुठेच खपणार नाही, कारण व्हॉट्सॲपपासून बँकेच्या ॲपपर्यंत सगळं तिथूनच येतं. ते मिळवायला फोन कंपनीला गूगलशी एक वाटप करार करावा लागे. वकिलांच्या बोलण्यात त्याला 'माडा' म्हणतात. माडाची अट अशी की सगळा संच एकत्र घ्यायचा, सर्च, क्रोम, यूट्यूब, सगळंच, आणि ठरलेल्या जागी ठेवायचा. माडा मिळण्याआधी आणखी एक करार लागे: अँड्रॉइडमध्ये आपल्या मनाने फेरफार करून वेगळी प्रणाली बनवायची नाही, तसे फोन विकायचे नाहीत. तिसरा करार कमाईच्या वाट्याचा. गूगलच्या सर्चवरच राहिलात तर जाहिरातीच्या उत्पन्नातला हिस्सा तुम्हाला.

एकेक करार सुटा पाहिला तर धंद्यातला साधा व्यवहार वाटतो. तिन्ही एकत्र ठेवले की जाळं दिसतं. युरिया म्हणजे प्ले स्टोअर, झिंक म्हणजे सर्च आणि क्रोम. वर अशी अट की दुसऱ्या कंपनीचं खत दुकानात ठेवायचंच नाही.

२०१८ मध्ये कायद्याच्या क्षेत्रातल्या तीन तरुणांनी आयोगाकडे माहिती दाखल केली. 'माहिती' हा शब्द इथे नेमका आहे. या कायद्यात तक्रारदार हा आपल्यासारखा वादी नसतो. तो आयोगाला माहिती देतो आणि पुढचं आयोग बघतो. एप्रिल २०१९ मध्ये आयोगाने आपल्या तपास विभागाच्या महासंचालकांना चौकशीचा आदेश दिला. साडेतीन वर्षांनी, २० ऑक्टोबर २०२२ रोजी, आदेश आला: १,३३७.७६ कोटी रुपये दंड आणि वागणूक बदलण्याचे निर्देश. पाचच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, प्ले स्टोअरमधल्या ॲप्सचे पैसे गूगलच्याच यंत्रणेतून भरण्याच्या सक्तीबद्दल दुसरा आदेश, दंड ९३६.४४ कोटी.

चतुःसीमा

जमिनीच्या दाव्यात मिळकतीच्या चतुःसीमा चुकल्या की पुढचा सगळा पुरावा लटकतो. स्पर्धा कायद्यात चतुःसीमेच्या जागी 'संबंधित बाजारपेठ' असते. वर्चस्व आहे की नाही हे ठरवण्याआधी, कुठल्या बाजारात, ते ठरवावं लागतं. त्यामुळे कंपनीचा पहिला भर तिथेच होता. ॲपलही स्पर्धक आहे, आम्ही एकटे नाही, असं तिचं म्हणणं.

आयोगाने त्याला दिलेलं उत्तर मला या आदेशातला सगळ्यात पक्का भाग वाटतो. ॲपल आपली प्रणाली कोणाला परवान्याने देतच नाही. स्वतः फोन बनवते, स्वतः विकते. प्रणाली विकत किंवा परवान्याने घेऊ पाहणाऱ्या फोन कंपनीसमोर ॲपल हा पर्यायच नाही. म्हणून आयोगाने बाजार आखला तो 'परवान्याने मिळणाऱ्या' मोबाइल प्रणालींचा. त्याच्या जोडीला ॲप स्टोअर, सर्च, ब्राउझर आणि व्हिडिओ असे आणखी चार. पाचही ठिकाणी गूगलचं वर्चस्व आहे असा निष्कर्ष काढला. भारतातले बहुतेक सगळे स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात, त्यामुळे सीमा एकदा तशी आखली गेल्यावर वर्चस्व सिद्ध करायला फार कष्ट पडले नाहीत.

दुसरा बचाव ऐच्छिकतेचा होता. कोणी सक्ती केली? माडा नको तर करू नका, मूळ अँड्रॉइड मोफत आहेच. कृषी केंद्रवालाही हेच म्हणतो: नको तर दुसरीकडे जा. तिसरा बचाव मात्र वजनदार होता, आणि तो हलक्यात घेणाऱ्या माझ्या ज्युनिअरला मी थांबवलं. ॲप्स मोफत आहेत. झिंकच्या पिशवीचे नानांना पैसे मोजावे लागतात, क्रोमचे कोणी मोजले? अँड्रॉइड फुकट मिळालं म्हणूनच स्वस्त फोन आले, आणि म्हणूनच रावेर-सावद्याचा केळी उत्पादक आज बांधावर उभा राहून भाव बघतो. हे खरं आहे. आमच्या भागात गेल्या दहा-बारा वर्षांत फोनने जे बदललं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण फुकट मालाचीही किंमत कुठेतरी वसूल होतेच. गूगलचा पैसा जाहिरातीत आहे, जाहिरात सर्चवर चालते आणि सर्च त्या पहिल्या पडद्यावरच्या पट्टीवर. ती जागा कायमची अडवली गेली तर दुसऱ्या कोणाला ग्राहकाच्या बोटापर्यंत पोहोचता येत नाही. आयोगाने नुकसान मोजलं ते या अडवलेल्या वाटेचं.

स्थगितीची लढाई

दिवाणी कोर्टात काम करणाऱ्याला सांगायला नको, दाव्याचा निम्मा निकाल निशाणी पाचच्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर लागतो. मनाई हुकूम मिळाला की वादी निवांत, दावा चालू दे वर्षानुवर्षं. नाही मिळाला तर समोरचा बांधकाम उरकून मोकळा. स्पर्धा कायद्यातही तसंच आहे, आणि गूगलच्या बाबतीत तर फारच. दंडाची रक्कम तिच्या दृष्टीने मोठी नव्हती. खरी धास्ती निर्देशांची होती, कारण ते एकदा अमलात आले की करारांचं जाळं उसवतं आणि पुन्हा विणता येत नाही.

निर्देश अमलात आणायला आयोगाने दिलेली मुदत १९ जानेवारी २०२३ ला संपत होती. गूगलने राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणात अपील दाखल केलं २० डिसेंबरला. म्हणजे आदेशाला दोन महिने झाल्यावर आणि मुदतीला एक महिना उरला असताना. ४ जानेवारीला न्यायाधिकरणाने दंडाच्या दहा टक्के रक्कम भरायला सांगितली, स्थगिती दिली नाही आणि पुढची तारीख ठेवली ३ एप्रिल. कारण सरळ होतं: अपील दाखल करताना घाई दिसली नाही, मग आता अंतरिम दिलासा मागताना ती कशी दाखवता?

बांध कोरल्यानंतर दोन महिन्यांनी आलेल्या पक्षकाराला आमच्याकडे न्यायाधीश हेच विचारतात. दोन महिने कुठे होतात? माझ्या समोर असे पक्षकार बसले आहेत, आणि त्यांना उत्तर शिकवता येत नाही, कारण उत्तरच नसतं. कंपनीने कायद्यातली मुदत पुरती वापरली, ती चुकवली नाही. पण 'मुदतीत' असणं आणि 'तातडी' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा अंदाज असा की आयोगाच्या दंडांवर रक्कम भरून स्थगिती मिळण्याची जी वहिवाट पडली होती, तिच्यावर भिस्त ठेवली गेली.

मग सर्वोच्च न्यायालय. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती नरसिंह आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांच्यासमोर गूगलच्या बाजूने अभिषेक मनू सिंघवी होते. कंपनीचं म्हणणं: आदेश अमलात आणायचा तर अकराशेहून अधिक फोन उत्पादकांशी केलेले करार आणि हजारो ॲप बनवणाऱ्यांशी असलेली व्यवस्था बदलावी लागेल, असा बदल जगात कुठेही मागितला गेलेला नाही. फोन महागतील, सुरक्षितता जाईल, असं कंपनी जाहीरपणेही सांगत होती.

या ठिकाणी युरोप आडवा आला. युरोपीय आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी याच धर्तीच्या करारांसाठी गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला होता. तिथल्या जनरल कोर्टाने १४ सप्टेंबर २०२२ ला, म्हणजे आपल्या आयोगाच्या आदेशाच्या जेमतेम पाच आठवडे आधी, तो थोडा कमी करून ४.१२५ अब्जांवर आणला, पण मुख्य निष्कर्ष कायम ठेवले. दंडानंतर गूगलने तिथे करार बदलले होते. सर्च आणि क्रोम संचातून वेगळे केले आणि बाकीच्या संचासाठी परवाना शुल्क लावलं. १६ जानेवारीला सरन्यायाधीशांनी गूगलच्या वकिलांना विचारलं की युरोपात जी व्यवस्था लागू केली तीच इथे करणार का? आयोगाच्या बाजूने अतिरिक्त सॉलिसिटर जनरल एन. वेंकटरमण यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं: युरोपच्या ग्राहकाला एक माप आणि भारताच्या ग्राहकाला दुसरं, हे कसं?

आता कंपनीची बाजू पुन्हा तपासून पाहा. आयोगाने युरोपच्या निकालातून मजकूर उचलला, स्वतः चौकशीच केली नाही, हा तिचा एक मोठा आक्षेप होता. वर्तमानपत्रांना तो आवडला. पण त्या आक्षेपातून युरोपला कोर्टात आणलं कोणी? कंपनीनेच. एकीकडे म्हणायचं की हा आदेश युरोपची नक्कल आहे. दुसरीकडे म्हणायचं की असा आदेश पाळणं अशक्य आहे. आणि तिसरीकडे युरोपात चार वर्षं त्या धर्तीचे बदल पाळत राहायचं. ही तीन वाक्यं एकाच कैफियतीत मावत नाहीत. आमच्याकडे एकाच मिळकतीबद्दल तहसीलदारासमोर एक जबाब आणि दिवाणी कोर्टात दुसरा देणाऱ्या पक्षकाराची जी अवस्था उलटतपासात होते, तीच इथे झाली.

१९ जानेवारीला, मुदत संपण्याच्या दिवशीच, सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. आयोगाचे निष्कर्ष अधिकारक्षेत्राबाहेरचे किंवा उघडपणे चुकीचे आहेत असं या टप्प्यावर म्हणता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. दहा टक्के भरायला सात दिवस वाढवून दिले आणि न्यायाधिकरणाला ३१ मार्चपर्यंत अपील निकाली काढायला सांगितलं. ३ एप्रिलच्या पहिल्या तारखेच्या जागी ३१ मार्चच्या आत निकाल, एवढं मात्र कंपनीच्या पदरात पडलं. ते कमी नव्हतं. स्थगिती मिळणार नसेल तर वेगवान सुनावणी मागायची, हे आम्हीही करतो.

२५ जानेवारीला गूगलने भारतापुरते बदल जाहीर केले. फोन उत्पादकांना ॲप्स सुटी सुटी घेता येतील, नवा फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडता येईल, फेरफार केलेल्या अँड्रॉइडबद्दलच्या अटी बदलतील. सोबत सांगितलं की काही मुद्द्यांवर अपील चालूच राहील. मला ही चाल सगळ्यात शहाणपणाची वाटते. जे टिकणार नाही ते आपणहून सोडलं आणि वाद आखूड केला. आता न्यायाधिकरणासमोर कंपनी 'सगळंच अशक्य' म्हणणारी राहिली नाही. 'एवढं केलं, पण या चार-पाच गोष्टी अन्यायाच्या आहेत' असं म्हणणारी झाली. दोन महिने आधी हीच भूमिका घेतली असती तर स्थगितीचा अर्ज निराळा दिसला असता, असं मला आजही वाटतं.

अपिलात काय टिकलं, काय गेलं

न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठासमोर १५ फेब्रुवारी ते २० मार्च सुनावणी झाली आणि २९ मार्च २०२३ ला निकाल. नक्कल केल्याचा, पूर्वग्रहाचा, नैसर्गिक न्याय डावलल्याचा, हे सगळे आक्षेप फेटाळले गेले. दंड पूर्ण कायम राहिला. पुढे कंपनीने तो भरला.

पण एक कायदेशीर तत्त्व कंपनीने जिंकलं. कलम ४ खाली गैरवापर ठरवायचा तर करारातली अट वाचून भागत नाही. त्या अटीचा बाजारावर प्रत्यक्ष परिणाम काय झाला हे तपासायला हवं, असं न्यायाधिकरणाने म्हटलं. लगेच पुढे असंही म्हटलं की आयोगाच्या आदेशात तशी तपासणी आहे आणि ती पुरेशी आहे. तत्त्व कंपनीचं, प्रकरण आयोगाचं. ज्युनिअरना वाटलं यात कंपनीला काय मिळालं? त्या दिवशी काही नाही. पण १३ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शॉट ग्लास प्रकरणात, इंजेक्शनच्या काचेच्या कुप्यांना लागणाऱ्या नळ्यांच्या वादात, परिणामांची तपासणी आवश्यकच असल्याचं सांगितलं. आता देशातली प्रत्येक वर्चस्ववाली कंपनी हा मुद्दा हातात घेऊन येणार. बाजू मांडताना आजच्या निकालापलीकडे बघणारा वकील असा मुद्दा पेरून ठेवतो.

दुसरं यश चार निर्देशांचं. न्यायाधिकरणाने आयोगाच्या निर्देशांपैकी चार रद्द केले. प्ले सर्व्हिसेसचे, म्हणजे ॲप्सना आधार देणाऱ्या गूगलच्या पडद्यामागच्या यंत्रणेचे, तांत्रिक दुवे इतरांना नाकारायचे नाहीत, हा पहिला. आधीपासून टाकलेली ॲप्स काढून टाकायला ग्राहकाला अडवायचं नाही, हा दुसरा. दुसऱ्यांची ॲप स्टोअर्स प्ले स्टोअरमधून वाटू द्यायची, हा तिसरा. आणि प्ले स्टोअरबाहेरून ॲप घेण्यात अडथळे आणायचे नाहीत, हा चौथा. निकालपत्राचा हा भाग आम्ही दोनदा वाचला. आधीच्या पानांवर करारांतल्या सक्तीचं विश्लेषण पानोपान आहे. या चार निर्देशांपर्यंत आलं की कुठला सिद्ध गैरवापर यांनी दुरुस्त होणार, हे तितक्या ठसठशीतपणे सापडत नाही. मी आयोगाच्या बाजूने वाचत होतो, म्हणून मला ते जास्त लागलं. ग्राहकाच्या हाताला थेट जाणवतील असे निर्देश नेमके हेच होते. २९३ पानांच्या आदेशात यांच्यासाठी आणखी दहा पानं खर्ची घातली असती तर!

त्याचा अर्थ गोलाणी मार्केटमध्ये त्याच फोनवर दिसतो. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर सुरू केलं. बारा भारतीय भाषांत आहे, मराठीतही. प्ले स्टोअरमध्ये ते मिळत नाही. नानांना मराठीतून ॲप्स दिसावीत म्हणून मी संकेतस्थळावरून उतरवायला गेलो, तर आधी फाइल धोक्याची असू शकते अशी सूचना, मग अनोळखी ठिकाणाहून आलेली ॲप्स चालवायची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन द्या, मग परत मागे या. गूगलचं म्हणणं की ही ग्राहकाची काळजी आहे, आणि फसवणुकीची ॲप्स किती फिरतात हे मी नाकारत नाही. बँकेतून पैसे गेलेले लोक माझ्याकडे येतात. पण नानांचं बोट त्या पहिल्या सूचनेवरच थांबलं. त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "राहू द्या साहेब."

निकालानंतर दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

पुढची प्रकरणं, बदललेला सूर

प्ले स्टोअरच्या पैसे भरण्याच्या प्रकरणात कंपनी अपिलात वेगळ्या तयारीने उतरली, भर आकड्यांवर. दंड कुठल्या उलाढालीवर काढायचा? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक्सेल क्रॉप केअर प्रकरणात सांगितलं होतं की दंड कंपनीच्या साऱ्या उलाढालीवर काढायचा नाही, ज्या मालाबाबत गैरप्रकार झाला त्याच्याच उलाढालीवर काढायचा. ते प्रकरण धान्याच्या कोठारात ठेवतात त्या कीडनाशक गोळ्यांचं होतं. गोळ्यांच्या प्रकरणात घडलेलं तत्त्व ॲप स्टोअरला उपयोगी पडलं आणि २८ मार्च २०२५ ला न्यायाधिकरणाने दंड ९३६.४४ कोटींवरून २१६.६९ कोटींवर आणला. गैरवापराचा निष्कर्ष बऱ्याच अंशी राहिला, पण सुमारे ७२० कोटी रुपये एका मुद्द्यावर वाचले. आता मात्र हा रस्ता अरुंद झाला आहे. २०२३ च्या दुरुस्तीने दंडासाठी जागतिक उलाढाल धरायची सोय केली आहे आणि अपील करायचं तर दंडाच्या पंचवीस टक्के आधी भरावे लागतात.

त्याच दुरुस्तीने समझोत्याचं दारही उघडलं. अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात गूगल त्या दारातून गेली. एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने समझोता मान्य केला: २०.२४ कोटी रुपये, आणि टीव्ही उत्पादकांना प्ले स्टोअर संचाबाहेर सुटं, शुल्क देऊन घेता येईल अशी व्यवस्था. २०२२ मध्ये जी कंपनी फोनच्या बाबतीत अशा बदलांनी परिसंस्था मोडेल म्हणत होती, तिने टीव्हीच्या बाबतीत ते लिहून दिलं. मधल्या तीन वर्षांत तिने शिकलेला धडा मला या एका कागदावर दिसतो.

नानांचा अर्ज

हे सगळं ऐकून नानांनी विचारलं की मग खताच्या लिंकिंगची तक्रार आयोगाकडे करता येईल का. मी नाही म्हणालो. आयोगाकडे जायचं तर आधी वर्चस्व दाखवावं लागतं, आणि तालुक्यातलं एक कृषी केंद्र कुठल्याही चतुःसीमेत वर्चस्वाचं ठरणार नाही. त्याचा रस्ता वेगळा आहे, खत नियंत्रण आदेशाखाली गुणनियंत्रण निरीक्षकाकडे. पण अर्ज लिहायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न मी तोच विचारला, जो गूगलच्या निकालपत्राने आमच्या डोक्यात पक्का केला होता. कागद काय आहे?

पॉस मशीनवर अंगठा लावल्यावर निघालेली पावती होती. त्यावर फक्त युरिया. झिंकचे पैसे दुकानदाराने वहीच्या फाटक्या पानावर लिहून दिले होते, तारीख नाही, शिक्का नाही. बाकीच्यांनी असे कागद त्याच दिवशी फेकून दिले होते. नानांनी ते पान पासबुकात घडी करून ठेवलं होतं, आणि त्यावर त्याच दिवशी युरियाच्या दोन गोण्या आणि झिंकची एक पिशवी, दोन्हींची बेरीज एकाच ओळीत, दुकानदाराच्या हाताने मांडलेली होती. मी पावती आणि ते पान शेजारी शेजारी ठेवून झेरॉक्स काढली, अर्जाला जोडली आणि खाली नानांची सही घेतली.